अपडेट घेतल्यावरही जुन्या फर्मवेअरवर परतायची वाट उघडी कशी ठेवावी? (गॅलॅक्सी एस२१, पिक्सेल ६ए, रेडमी नोट ५ प्रो)

चाचणीटेबल (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. मराठी कळफलकाच्या ॲपची चाचणी जुन्या आणि नव्या अशा दोन्ही अँड्रॉइडवर घ्यायची असते. त्यासाठी तीन फोन राखून ठेवले आहेत:

गॅलॅक्सी एस२१ (एसएम-जी९९१बी), अँड्रॉइड १३, बूटलोडर (फोन चालू होताना सर्वात आधी चालणारा प्रोग्राम) लॉक.
पिक्सेल ६ए, अजून अँड्रॉइड १२ वर, बूटलोडर अनलॉक.
रेडमी नोट ५ प्रो, एमआययूआय ९, अँड्रॉइड ७.१, बूटलोडर लॉक.

तिन्हींवर नवी आवृत्ती टाकून पाहायची आहे, पण काम झालं की परत खाली, म्हणजे जुन्या आवृत्तीवर, यायचं आहे. अपडेटनंतर डाउनग्रेड बंद होतो असं वाचलं, पण काही ठिकाणी तो सहज होतो असंही लिहिलेलं आहे. नेमकं कशावर अवलंबून असतं? अपडेट घेण्याआधी कोणत्या फायली जपून ठेवायच्या? खाली आल्यावर डेटा राहतो का? आणि एस२१ वर अपडेट आपोआप डाऊनलोड होऊन बसलं आहे, म्हणजे उशीर झाला का?

---

ओडिन_चार_खाने

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: उशीर झालेला नाही. डाऊनलोड झालेलं अपडेट नुसती फाईल असते. जे काही कायमचं बदलतं ते इन्स्टॉल झाल्यावर, नवा बूटलोडर पहिल्यांदा चालू झाला की. मात्र सॅमसंगवर अपडेट काही वेळाच पुढे ढकलता येतं, मग फोन रात्रीची वेळ ठरवून स्वतःच इन्स्टॉल करतो. त्यामुळे आज पहिलं काम ते थांबवायचं.

«डाउनग्रेड बंद होतो» आणि «सहज होतो» ही दोन्ही मतं खरी असतात, कारण खाली येण्याच्या वाटेवर एक नाही, तीन वेगळी कुलपं आहेत.

पहिलं कुलूप चिपमधल्या ई-फ्यूजचं. बूटलोडरला आवृत्तीचा एक छोटा आकडा असतो. नव्या बूटलोडरचा आकडा मोठा असेल तर प्रोसेसरमधले फ्यूज जाळले जातात आणि त्याहून लहान आकड्याचा बूटलोडर ती चिप पुन्हा स्वीकारत नाही. जळलेला फ्यूज परत जुळत नाही. सॉफ्टवेअरने नाही, सर्व्हिस सेंटरमध्येही नाही, मदरबोर्ड बदलणं एवढाच उपाय.

दुसरं कुलूप अँड्रॉइड व्हेरिफाइड बूटचं, म्हणजे चालू होताना सिस्टीम खरी आहे का हे तपासणाऱ्या यंत्रणेचं. तिच्या व्हीबीमेटा इमेजमध्ये (फोनवर टाकायच्या फाईलमध्ये) रोलबॅक इंडेक्स नावाचा आकडा असतो आणि फोन आजवर पाहिलेला सर्वात मोठा आकडा स्टोरेजच्या आरपीएमबी या राखीव, छेडछाड न करता येणाऱ्या भागात नोंदवतो. बूटलोडर लॉक असेल तर त्याहून लहान इंडेक्सची इमेज चालू होत नाही.

तिसरं कुलूप तुमच्या डेटाचं. त्याच्यावर खाली लिहितो, कारण नवखे लोक बहुतेक तिथेच फसतात.

आता एस२१. सॅमसंगवर व्यवहारात पहिलं कुलूपच निर्णायक ठरतं आणि त्याचा आकडा उघड लिहिलेला असतो. बिल्ड नंबर घ्या, उदाहरणार्थ जी९९१बीएक्सएक्सयू५सीव्हीडीडी. उजवीकडून मोजा: पहिलं अक्षर त्या महिन्यातली आवृत्ती, दुसरं महिना (ए म्हणजे जानेवारी, डी म्हणजे एप्रिल), तिसरं वर्ष (यू २०२१, व्ही २०२२, डब्ल्यू २०२३, एक्स २०२४), चौथं मुख्य अँड्रॉइड आवृत्तीचं, आणि पाचवं म्हणजे बूटलोडरचा आकडा. इथे तो ५ आहे. बोलीभाषेत त्याला «बिट» किंवा «बायनरी» म्हणतात. ९ च्या पुढे ए, बी, सी अशी अक्षरं लागतात, म्हणून ए दिसलं तर तो ९ पेक्षा मोठा समजायचा.

यावरून निघणारी गोष्ट फार महत्त्वाची आहे: सॅमसंगचा डाउनग्रेड अँड्रॉइडच्या आकड्यावर ठरत नाही, बिटवर ठरतो. फोन बिट ५ वर असेल तर बिट ५ किंवा त्यावरचं कुठलंही फर्मवेअर चालतं, मग ते अँड्रॉइड १२ चं असो की १४ चं. अँड्रॉइड १३ वरून १४ वर गेलात आणि बिट तोच राहिला, तर परत येता येतं. उलट अँड्रॉइड १३ वरच राहून एक साधं मासिक सुरक्षा अपडेट घेतलंत आणि त्यात बिट वाढला, तर आदल्या महिन्याच्या अँड्रॉइड १३ वरही जाता येत नाही. लोक मोठ्या अपडेटला घाबरतात आणि छोटं डोळे मिटून घेतात. धोका दोन्हीकडे सारखाच असतो.

त्यामुळे इन्स्टॉलचं बटण दाबण्याआधी अपडेटच्या पडद्यावर लिहिलेली आवृत्ती वाचा. तिरप्या रेघांनी वेगळे केलेले दोन-तीन बिल्ड नंबर असतात, त्यातल्या पहिल्याचं शेवटून पाचवं अक्षर पाहा. तुमच्या फोनच्या अक्षराइतकंच असेल तर परतीची वाट राहते. मोठं असेल तर आत्ताच्या बिटची सगळी फर्मवेअरं निरुपयोगी होतील.

फोनचा सध्याचा बिट दोन प्रकारे तपासा. एडीबीवर (संगणकावरून फोनला आज्ञा द्यायच्या साधनावर) आज्ञा: «एडीबी शेल गेटप्रॉप आरओ.बूट.बूटलोडर» (इथे देवनागरीत लिहितो आहे, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन लिपीत टाकायची). दुसरा प्रकार डाऊनलोड मोड: फोन बंद करा, दोन्ही व्हॉल्यूम कळा एकत्र दाबून धरा, संगणकाला जोडलेली यूएसबी केबल लावा, इशारा आला की व्हॉल्यूम अप. वरच्या बारीक अक्षरांत एसडब्ल्यू रेव्ह अशी ओळ दिसते, तिच्यात बी, के आणि एस यांच्यापुढे आकडे असतात: बूटलोडर, कर्नल, सिस्टीम. तिन्ही स्वतंत्र तपासले जातात. म्हणूनच ओडिन या संगणकावरून सॅमसंगचं फर्मवेअर टाकायच्या प्रोग्रामबद्दलचा «बीएल (बूटलोडरचा) खाना रिकामा ठेवून फक्त जुनी एपी (सिस्टीमची) फाईल टाका» हा फिरणारा सल्ला चालत नाही. बूटलोडर पास होतो आणि कर्नल अडतो.

आपोआप अपडेट थांबवण्यासाठी: सेटिंग्जमध्ये सॉफ्टवेअर अपडेटखालचं वायफायवरचं स्वयंचलित डाऊनलोड बंद, डेव्हलपर ऑप्शन्समधलं ऑटोमॅटिक सिस्टीम अपडेट बंद. एवढ्यावर भरवसा ठेवू नका. एडीबीने कॉम.डब्ल्यूएसएसवायएनसीएमएलडीएम आणि कॉम.सेक.अँड्रॉइड.एसओएजंट ही दोन पॅकेजं काढा: «पीएम अनइन्स्टॉल, उणे के, उणे उणे यूजर शून्य» आणि पुढे पॅकेजचं नाव. हे फक्त त्या वापरकर्त्यापुरतं काढणं असतं, सिस्टीममधली प्रत जागच्या जागी राहते. म्हणूनच फॅक्टरी रीसेट केला की दोन्ही परत येतात, आणि रीसेटनंतर वायफाय जोडण्याआधी हे पुन्हा करावं लागतं.

जपून काय ठेवायचं: सॅमसंगचा अधिकृत सर्व्हर साधारणपणे तुमच्या मॉडेल आणि प्रदेशासाठी नवीनतम फर्मवेअरच देतो. फ्रिजासारखी साधनं तिथूनच ओढतात. म्हणजे आज जे मिळतं ते पुढच्या महिन्यात तिथे असेलच असं नाही, नंतर तिसऱ्यांच्या संकेतस्थळांवर शोधावं लागतं. आत्ताच्या आवृत्तीचा पूर्ण संच आजच उतरवा: बीएल, एपी, सीपी (मोडेम), सीएससी (प्रदेशाच्या सेटिंग्ज) आणि होम सीएससी. कित्येक जीबीची झिप असते. प्रदेशाचा कोड तपासा, भारतातल्या खुल्या फोनांसाठी आयएनएस.

---

ओडिन_चार_खाने

डेटाचं तिसरं कुलूप वेगळं लिहितो.

फोनमधला डेटा ज्या किल्ल्यांनी एन्क्रिप्ट होतो त्या किल्ल्या सुरक्षित भागात अँड्रॉइडच्या आवृत्तीला आणि सुरक्षा पॅचच्या तारखेला बांधलेल्या असतात. वर जाताना किल्ली अपग्रेड होते. खाली आल्यावर जुनी सिस्टीम तीच किल्ली मागते, पण किल्लीवर पुढची तारीख असल्यामुळे सुरक्षित भाग ती देण्यास नकार देतो. मग फोन सुरू होत नाही, रिकव्हरीत (दुरुस्तीच्या मोडमध्ये) जाऊन डेटा खराब झाला असावा असं सांगतो. फर्मवेअर चुकीचं नसतं, किल्ली अडलेली असते. खाली येणं म्हणजे डेटा पुसणं, हे गृहीतच धरा.

म्हणून ओडिनमध्ये डाउनग्रेड करताना चौथ्या खान्यात सीएससी टाकायचं, होम सीएससी नाही. होम सीएससी डेटा ठेवते, आणि इथे नेमकं तेच नको असतं.

क्रम असा: बॅकअप फोनबाहेर काढा. गुगल खातं आणि सॅमसंग खातं दोन्ही फोनमधून हटवा, नाहीतर पुसल्यावर एफआरपी (चोरीविरोधी कुलूप) जुना पासवर्ड मागतो. वन यूआय (सॅमसंगचं अँड्रॉइड) ६ किंवा पुढे असाल तर ऑटो ब्लॉकर बंद करा, तो केबलवरून येणाऱ्या आज्ञा अडवतो. बॅटरी निम्म्याहून जास्त हवी. संगणकावर सॅमसंगचा यूएसबी ड्रायव्हर, केबल थेट मदरबोर्डच्या पोर्टला, हबमधून नाही. ओडिनमध्ये फोन ओळखला गेला की पोर्टचा चौकोन निळा होतो. चारही खाने भरा, एपी फाईल तपासायला ओडिनला मिनिटभर लागतो, तेव्हा तो अडकल्यासारखा दिसतो, बंद करू नका. पर्यायांत ऑटो रीबूट आणि एफ रीसेट टाईम एवढंच खुणावलेलं राहू द्या. री-पार्टिशनला हात लावू नका.

बिट कमी असेल तर फोनच्या पडद्यावर लाल अक्षरांत एसडब्ल्यू रेव्ह चेक फेल, डिव्हाइस अमुक, बायनरी तमुक, असं येतं आणि ओडिन थांबतो. फोन मेला असं समजू नका. तपासणी लिहिण्याआधी होते, म्हणून बहुतेक वेळा रीस्टार्ट केल्यावर तो जसाच्या तसा उठतो. अपडेट करताना चूक झाली अशा निळसर पडद्यावर अडकलाच, तर सध्याच्या बिटचा संच पुन्हा टाका. त्यासाठीच तो संच आधी उतरवून ठेवायचा.

अधिकृत सही असलेलं फर्मवेअर ओडिनने टाकल्याने नॉक्सचा (सॅमसंगच्या सुरक्षा यंत्रणेचा) फ्यूज जळत नाही. तो बूटलोडर अनलॉक करून परकी इमेज टाकल्यावर जातो. हे दोन फ्यूज वेगळे आहेत, चर्चांमध्ये त्यांची फार सरमिसळ होते.

सॅमसंगच्या स्मार्ट स्विच या बॅकअप ॲपबद्दल एक: नव्या वन यूआयवर घेतलेला बॅकअप जुन्यावर पूर्ण उतरेल याची खात्री नसते. वर जाण्याआधी जुन्या आवृत्तीवरच एक बॅकअप घेऊन तो वेगळा ठेवा.

---

स्लॉट_बी

पिक्सेल ६ए बद्दल. तुमचा फोन अजून अँड्रॉइड १२ वर आहे म्हणून हे नीट वाचा.

ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १३ मध्ये पिक्सेल ६, ६ प्रो आणि ६ए या तीन फोनांच्या बूटलोडरचा अँटी-रोलबॅक (खाली येणं अडवणारा) आकडा वाढवला गेला. गुगलने फॅक्टरी इमेजच्या पानावर तसं स्पष्ट लिहिलं: या तीन फोनांवर १३ टाकल्यावर आधीच्या अँड्रॉइड १२ बिल्डवर परतता येणार नाही. बूटलोडर अनलॉक असला तरी. वर सांगितलेल्या पहिल्या आणि दुसऱ्या कुलपातला फरक इथे कळतो: अनलॉक केल्याने व्हेरिफाइड बूटचा रोलबॅक इंडेक्स सक्तीचा राहत नाही, पण बूटलोडरचा स्वतःचा आकडा त्याच्याही आधी तपासला जातो, तिथे अनलॉकचा काही उपयोग नाही.

आता दोन स्लॉटची भानगड. पिक्सेलमध्ये सिस्टीमच्या आणि बूटलोडरच्या ए आणि बी अशा दोन प्रती असतात. अपडेट रिकाम्या स्लॉटमध्ये बसतं आणि फोन त्या स्लॉटवरून चालू होतो. दुसऱ्या स्लॉटमध्ये जुनाच बूटलोडर पडून असतो. आकडा वाढल्यावर तो स्लॉट चिप स्वीकारत नाही. पुढे काही बिघडून फोनने स्लॉट बदलला, किंवा तुम्ही स्वतः फास्टबूटमधून (बूटलोडरला संगणकावरून आज्ञा द्यायच्या मोडमधून) सेट-ॲक्टिव्ह केलं, तर फोन पूर्ण काळा पडू शकतो, फास्टबूटही दिसत नाही. ज्यांचे ६ मालिकेतले फोन १३ नंतर बंद पडले त्यांच्यापैकी अनेकांचं मूळ इथे होतं.

उपाय साधा आहे: १३ टाकून एकदा नीट चालू झाला की लगेच त्याच आवृत्तीची पूर्ण ओटीए (अपडेटची) फाईल रिकव्हरीतून साइडलोड करा, म्हणजे संगणकावरून केबलने टाका. ती आता दुसऱ्या स्लॉटमध्ये जाते आणि दोन्ही बूटलोडर नवे होतात. साइडलोड ४७ टक्क्यांच्या आसपास थांबल्यासारखं वाटतं, संगणकावर शंभर टक्के कधी दिसत नाही. फोनच्या पडद्यावर स्थिती शून्य आली म्हणजे झालं. सध्या कोणता स्लॉट आहे ते «फास्टबूट गेटव्हार करंट-स्लॉट» ने कळतं.

तुमच्या गरजेसाठी एक वाट आहे. गुगलने विकासकांसाठी ६ मालिकेच्या अँड्रॉइड १२ च्या वेगळ्या सपोर्ट इमेज दिल्या, त्यांत बूटलोडर वाढवलेल्या आकड्याचा आहे. १३ वर जाऊन १२ वर चाचणी करायची असेल तर त्याच इमेज, मूळ १२ च्या नव्हेत. त्यांना पुढची ओटीए अपडेटं मिळत नाहीत, कामापुरत्या वापरायच्या.

तरीही माझा सल्ला: ६ए ला १२ वरच ठेवा आणि १३ च्या पुढच्या चाचणीसाठी दुसरा फोन घ्या. या मॉडेलवर मूळ १२ एकदा गेलं की गेलं.

---

चाचणीटेबल

दोघांचेही मनापासून आभार. दोन शंका.

१) इमेज हाताशी असेल तर तिचा रोलबॅक इंडेक्स फोनवर न टाकता वाचता येतो का?
२) पिक्सेलवर काम झाल्यावर बूटलोडर पुन्हा लॉक करून ठेवला तर सुरक्षित का?

---

स्लॉट_बी

१) येतो. फॅक्टरी झिपमधून व्हीबीमेटा इमेज काढा. ओटीए फाईलमध्ये ती पेलोड.बिनच्या आत असते, पेलोड-डंपर-गो ने बाहेर काढता येते. सॅमसंगची असेल तर आधी एलझेड४ उघडा. मग एओएसपीचं (अँड्रॉइडच्या खुल्या प्रकल्पाचं) एव्हीबीटूल: «एव्हीबीटूल इन्फो_इमेज, उणे उणे इमेज» आणि फाईलचं नाव. रोलबॅक इंडेक्सची ओळ दिसते. एओएसपीच्या मूळ मांडणीत हा आकडा म्हणजे सुरक्षा पॅचची तारीख १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. १६५९६५७६०० दिसला तर ५ ऑगस्ट २०२२. काही उत्पादक मात्र शून्य किंवा स्वतःचा छोटा आकडा ठेवतात, त्यामुळे दोन इमेजचे आकडे एकमेकांशी ताडून पाहा, एकटा आकडा पाहून निष्कर्ष काढू नका.

एव्हीबीटूलला बूटलोडरच्या फ्यूजचा आकडा दिसत नाही, हे लक्षात असू द्या. पिक्सेलवर त्यासाठी फॅक्टरी इमेजच्या पानावरची सूचना वाचणं हाच मार्ग.

२) लॉक करणं हीच सर्वात धोक्याची पायरी आहे. अनलॉक असताना दुसरं कुलूप उघडं असतं. जुनी इमेज टाकून लॉक केलंत की ते सक्तीचं होतं, आरपीएमबीत आधीचा मोठा आकडा नोंदलेला असेल तर वैध ऑपरेटिंग सिस्टीम सापडली नाही असा पडदा येतो. त्यातच ओईएम अनलॉकिंगचं बटण बंद केलेलं असेल तर फास्टबूटमधून पुन्हा अनलॉकही होत नाही. लॉक करायचंच असेल तर संपूर्ण मूळ इमेज टाका, एकदा पूर्ण चालू करा, ओईएम अनलॉकिंग सुरू ठेवा, मगच लॉक. चाचणीचा फोन असेल तर अनलॉकच राहू द्या.

---

इडीएल९००८

रेडमी नोट ५ प्रो. तिघांत सर्वात नाजूक हाच, कारण सॅमसंग चूक लिहिण्याआधी अडवतो, हा फोन चूक लिहू देतो आणि मग मरतो.

हा फोन फेब्रुवारी २०१८ मध्ये भारतात आला. त्याच वर्षी पुढे आलेल्या एमआययूआयच्या आवृत्त्यांत अँटी-रोलबॅकचा आकडा ४ झाला. ज्यांनी त्यानंतर कस्टम रिकव्हरीतून किंवा इतर मार्गाने जुनं फर्मवेअर टाकलं, त्यांचे फोन क्वालकॉमच्या इडीएल (आणीबाणीच्या डाऊनलोड) अवस्थेत गेले: पडदा काळा, संगणकावर फक्त क्यूडीलोडर ९००८. तिथून बाहेर काढायला शाओमीने अधिकृत केलेलं खातं लागतं, ते सामान्य वापरकर्त्याकडे नसतं.

तपासणी: फास्टबूटमध्ये जा (व्हॉल्यूम डाऊन अधिक पॉवर), «फास्टबूट गेटव्हार अँटी». उत्तर रिकामं किंवा ३ पर्यंत आलं तर कुलूप अजून लागलेलं नाही. ४ आलं तर लागलं. अँड्रॉइड ७.१ वरच्या एमआययूआय ९ मध्ये रिकामं यायची शक्यता जास्त, पण स्वतः पाहा.

टाकायच्या फर्मवेअरचा आकडा: फास्टबूट रॉम टीजीझेड स्वरूपात असते, ती उघडून इमेजेस फोल्डरमधली अँटी_व्हर्जन नावाची मजकूर फाईल बघा. फ्लॅश_ऑल.बॅट सुद्धा वहीत उघडून वाचा, तिच्या सुरुवातीला हाच आकडा असतो आणि फोनचा मोठा असेल तर ती थांबते. काही जण स्क्रिप्ट थांबते म्हणून ती तपासणीची ओळ खोडतात. फोन मारायचा याहून खात्रीचा मार्ग नाही.

शाओमीचं एमआय फ्लॅश हे साधन वापरत असाल तर खिडकीच्या खाली उजव्या कोपऱ्यात पाहा, «सगळं पुसून लॉक करा» हा पर्याय आधीच निवडलेला असतो. फक्त «सगळं पुसा» निवडा. बूटलोडर लॉक झाला आणि रॉम प्रदेशाशी जुळत नसेल तर हा एमआययूआय या फोनवर बसणार नाही असा पडदा येतो.

तुमचा बूटलोडर लॉक आहे. अनलॉकसाठी एमआय (शाओमीचं) अकाउंट फोनला जोडून कित्येक दिवस थांबावं लागतं, आणि अनलॉकने फोन पुसला जातो. लॉक असताना मूळ रिकव्हरी खालची आवृत्ती घेतच नाही. म्हणजे आज वर गेलात तर परत यायला आधी अनलॉक लागेल. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी अनलॉक, मग अँटीचा आकडा, मग अपडेट.

अनलॉक झाल्यावर, अपडेटआधी, एक काम न चुकता करा. टीडब्ल्यूआरपी ही कस्टम रिकव्हरी टाकण्याऐवजी तात्पुरतं बूट करून मॉडेमएसटी१, मॉडेमएसटी२, एफएसजी आणि परसिस्ट या चार पार्टिशनची डीडी या आज्ञेने प्रत काढा आणि संगणकावर हलवा. आयएमईआय आणि रेडिओचं कॅलिब्रेशन तिथे असतं. वर-खाली करताना ते बिघडलं तर सिम दिसतं पण नेटवर्क येत नाही, आणि या प्रती दुसऱ्या कुठल्याही फोनवरून मिळत नाहीत, प्रत्येक फोनच्या वेगळ्या.

४ वर गेलेल्या फोनवर रिकव्हरी टाकताना अँटीआरबीपास नावाच्या पार्टिशनवर डमी इमेज टाकायची युक्ती दिसेल. तिने फक्त फास्टबूटचा अडथळा दूर होतो, फ्यूज होता तिथेच राहतो. ती करून जुनं फर्मवेअर टाकू नका. कस्टम रॉम सहसा बूटलोडरला हात लावत नाहीत, त्यामुळे ४ वरही जुन्या अँड्रॉइडची कस्टम रॉम चालते. झिपमध्ये फर्मवेअर-अपडेट नावाचं फोल्डर आहे का एवढं पाहा. असेल तर त्यातल्या बूटलोडरचा आकडा कळल्याशिवाय टाकू नका.

मोटोरोला वापरणाऱ्यांसाठी जाता जाता: मोटो जी मालिकेत जुनी सिस्टीम बसते पण बूटलोडर खाली येत नाही. अशा मिश्र अवस्थेत आलेलं ओटीए अपडेट घेतलं तर ते चुकीच्या बूटलोडरवर फरकाची फाईल चढवतं आणि फोन ९००८ मध्ये जातो. खाली आल्यावर मोटोवर ओटीए घ्यायचं नाही.

---

पाटावरचा_फोन

आयफोनला यातलं काही लागू होतं का? घरात आयफोन ८ आणि ११ दोन्ही आहेत.

---

स्लॉट_बी

तिथली रचनाच वेगळी. प्रत्येक रिस्टोअरच्या वेळी फोन आपला ईसीआयडी (चिपचा ओळख क्रमांक), एक यादृच्छिक नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा) आणि आवृत्ती ॲपलच्या सर्व्हरला पाठवतो, आणि सर्व्हरने सही दिली तरच ती बसते. नवी आवृत्ती आली की जुनीची सही साधारण आठवडाभरात ते दोन आठवड्यांत बंद होते. त्या मुदतीत आयपीएसडब्ल्यू (आयओएसची पूर्ण) फाईल घेऊन फाइंडरमधून किंवा आयट्यून्समधून सरळ खाली येता येतं. मॅकवर ऑप्शन, विंडोजवर शिफ्ट धरून रिस्टोअर दाबायचं.

मुदत संपल्यावर उरतात एसएचएसएच ब्लॉब, म्हणजे सही चालू असताना ब्लॉबसेव्हर किंवा टीएसएसचेकरने जपून ठेवलेली उत्तरं. फाईल अगदी छोटी, पण प्रत्येक फोनची आणि प्रत्येक आवृत्तीची वेगळी, आणि सही बंद झाल्यावर ती कोणीही देऊ शकत नाही. वापरायची तर जतन करतानाचाच नॉन्स फोनवर पुन्हा आणावा लागतो, शिवाय फ्यूचररिस्टोअर या डाउनग्रेडच्या साधनाला एसईपी (सुरक्षित सहप्रोसेसरचं फर्मवेअर) मात्र आज सही मिळणाऱ्या आवृत्तीचाच लागतो आणि तो जुन्या आयओएसशी जुळला पाहिजे. बहुतेक डाउनग्रेड इथे अडतात.

आयफोन ८ मध्ये ए११ आहे, त्यावर २०१९ चा चेकएम८ (चिपमधल्या भोकाचा फायदा घेणारी युक्ती) चालतो, म्हणून नॉन्स बसवता येतो. ११ मध्ये ए१३. ए१२ पासून नॉन्स चिपच्या गुप्त किल्लीत गुंफलेला आहे, आणि आयओएस १६ पासून क्रिप्टेक्ससाठी (सिस्टीमच्या वेगळी सही असलेल्या भागासाठी) आणखी एक नॉन्स आला. त्या फोनसाठी सहीची मुदत हीच खरी संधी समजा. दोन्हींसाठी एक काम: अपडेटआधी संगणकावर एन्क्रिप्टेड बॅकअप घ्या आणि तो आर्काइव्ह करा. नव्या आयओएसवरचा बॅकअप जुन्यावर उतरत नाही.

---

ओडिन_चार_खाने

साठवणीबद्दल राहिलं होतं. फोल्डरच्या नावात मॉडेल, प्रदेश कोड, पूर्ण बिल्ड नंबर आणि बिट लिहा. प्रत्येक झिपचा एसएचए-२५६ हॅश (फाईलचा ठसा) काढून शेजारी मजकूर फाईलमध्ये ठेवा. सॅमसंगच्या टार.एमडी५ फायलींना शेवटी एमडी५ जोडलेला असतो, ओडिन तो तपासतो, पण झिप डिस्कवर वर्षभरात बिघडली तर ते आधी कळावं म्हणून वेगळा हॅश हवा. दोन डिस्कवर प्रती. प्रत्येक बिटसाठी निदान दोन संच ठेवा: त्या बिटचा सर्वात जुना, म्हणजे जितकं खाली जाता येईल तितकं जाण्यासाठी, आणि सर्वात नवा, म्हणजे फोन अडकला तर उठवण्यासाठी.

उत्पादकांची बाजूही खोटी नाही. जुन्या बूटलोडरमध्ये भोकं सापडतात, चोरलेला फोन जुन्या आवृत्तीवर नेऊन एफआरपी ओलांडला जातो, ते बंद करायला हे आकडे वाढतात. माझं म्हणणं एवढंच की आकडा वाढणार हे अपडेटच्या पडद्यावर साध्या शब्दांत लिहायला हवं. गुगलने ६ मालिकेसाठी निदान ते पानावर लिहिलं. बाकीच्यांकडे ग्राहकाला बिल्ड नंबरातलं पाचवं अक्षर मोजत बसावं लागतं, हे बरोबर नाही.

आणि खाली ठेवलेल्या फोनवर यूपीआय किंवा बँकेची ॲपं ठेवू नका. अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनांना प्ले इंटेग्रिटीचा (गुगलच्या फोन-तपासणीचा) सर्वात वरचा दर्जा मिळायला मे २०२५ पासून गेल्या वर्षभरातला सुरक्षा पॅच लागतो, आणि अनलॉक बूटलोडरला तो दर्जा मिळत नाही. ॲप चाललंच तरी पॅच नसलेल्या फोनवर पैशांचा व्यवहार नको.

---

चाचणीटेबल

एस२१ तपासला. फोनचा आणि थांबलेल्या अपडेटचा बिट सारखाच आहे, सध्याचा संच उतरायला लावला आहे, हॅश जुळल्यावर इन्स्टॉल करतो. ६ए ला १२ वरच ठेवतो. रेडमीवर «गेटव्हार अँटी» ला रिकामं उत्तर आलं. अनलॉकचा अर्ज टाकला आहे, तोवर त्याचं वायफाय बंद.

---

इडीएल९००८

रिकामं असेल तर चांगलं. अनलॉकच्या मुदतीत एमआय अकाउंटमधून बाहेर पडू नका आणि सिम काढू नका, नाहीतर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते. अकाउंट जोडताना मोबाईल डेटा लागतो, म्हणून आधी अपडेटरच्या सेटिंगमध्ये जाऊन आपोआप डाऊनलोड बंद करा आणि मगच डेटा चालू करा.